चालणारी भिंत आणि कोसळलेली भिंत



मागच्या महिन्यात विहारातला अभ्यासवर्ग संपला आणि बारावीतला एक पोरगा मागे रेंगाळला. त्याच्या कॉलेजात सात दिवसांचं योग शिबिर झालं होतं. आसनं चांगली शिकवली, असं तोच म्हणाला. पण शेवटच्या दिवशी शिबिरवाल्यांनी हिमालयातल्या गुहांमध्ये हजारो वर्षं जिवंत असलेल्या योग्यांच्या गोष्टी सांगितल्या. श्वास ताब्यात आला की मरण ताब्यात येतं, असं सांगितलं. पोराने भीत भीत बुद्धाचं नाव काढलं. तेव्हा समोरून हसत उत्तर आलं, की तो पूर्णत्वाला पोचलाच नव्हता, पोचला असता तर जेवण बाधून कसा गेला असता?

पोरगा आम्हाला विचारत होता, "दादा, आपला बुद्ध ऐंशीव्या वर्षीच गेला ना? तेबी पोट बिघडून. मग मोठा कोण?"

त्याच वस्तीतली एक मावशी त्याच लोकांच्या संध्याकाळच्या वर्गाला जात होती. धुणीभांडी करणारी बाई, साखरेचा जुना आजार. प्राणायामाने शरीर नवं होतं असं ऐकून तिने तीन महिने गोळ्या बंद ठेवल्या. पायाची जखम चिघळली तेव्हा आम्हाला कळलं. दोन बोटं काढावी लागली. आजही ती म्हणते, "माझीच साधना कमी पडली."

पोराचा प्रश्न आणि मावशीचं हे वाक्य, या दोन्हींना उत्तर द्यायचं म्हणून हा लेख. आमचा विरोध आसनांना नाही. सकाळी उठून अंग मोकळं करा, दीर्घ श्वास घ्या, चांगलंच आहे. आमचा विरोध आहे तो देह अमर होतो या दाव्याला, आणि त्या दाव्यावर उभ्या राहणाऱ्या सत्तेला.

आधी दावा नीट समजून घेऊ. न वाचता टीका करणं ही आपली परंपरा नाही. हठयोगाच्या ग्रंथांत देहाचं एक चित्र आहे. डोक्यात, टाळूच्या वर चंद्र आहे आणि त्यातून अमृत पाझरतं. नाभीपाशी सूर्य आहे, तो हे अमृत जाळतो. अमृत जळत राहतं म्हणून माणूस म्हातारा होतो आणि मरतो. म्हणून जीभ उलटी वळवून टाळूमागे न्यायची, म्हणजे खेचरी मुद्रा. किंवा देहच उलटा करायचा, म्हणजे विपरीत करणी. अमृत वाचलं की मरण टळलं. पंधराव्या शतकातल्या 'हठयोगप्रदीपिके'त मत्स्येंद्र, गोरक्ष आणि इतर सिद्धांची यादी देऊन ते काळाला जिंकून ब्रह्मांडात फिरत असल्याचं सांगितलं आहे. जवळचीच दुसरी वाट रसशास्त्राची. पारा शुद्ध करायचा, बांधायचा, खायचा, म्हणजे देह सोन्यासारखा न गंजणारा होतो. पारा विष आहे, हे आज दहावीच्या पोरालाही माहीत असतं.

आणि यात आपलं घर स्वच्छ आहे, असं समजू नका. हठयोगाच्या या पद्धती शिकवणारा सर्वात जुना उपलब्ध ग्रंथ 'अमृतसिद्धी' अकराव्या शतकाच्या सुमाराचा आहे आणि तो वज्रयानी बौद्धांच्या वर्तुळातला असल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. किमयागार म्हणून ज्या सिद्ध नागार्जुनाच्या दंतकथा सांगतात, तोही बौद्ध परंपरेतलाच समजला जातो. म्हणजे बुद्धाने उंबऱ्याबाहेर ठेवलेली गोष्ट पुढे बुद्धाचंच नाव घेणाऱ्यांनी आत आणली. ही चूक कबूल केल्याशिवाय दुसऱ्याची चूक दाखवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

आता हिशेब तपासू. आपल्या महाराष्ट्राचा अमर योगी म्हणजे चांगदेव. योगबळाने चौदाशे वर्षं जगला, असं सांगतात. त्याची समाधी कुठे आहे? गोदाकाठी, पुणतांब्याला. मरण ज्याला शिवलं नाही त्याच्या समाधीवर लोक नारळ फोडतात. काशीचे त्रैलंग स्वामी २८० वर्षांचे होते म्हणतात, ते १८८७ मध्ये गेले. परमहंस योगानंदांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेलं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' हे पुस्तक मराठीत 'योगी कथामृत' या नावाने घरोघरी आहे. त्यात हिमालयात शतकानुशतके तरुण राहिलेले बाबाजी आहेत. त्या बाबाजींनी १८६१ मध्ये दीक्षा दिली, असं पुस्तक सांगतं, ते लाहिरी महाशय १८९५ मध्ये गेले. त्यांचे शिष्य श्रीयुक्तेश्वर १९३६ मध्ये गेले. त्यांचे शिष्य स्वतः योगानंद ७ मार्च १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात, मेजवानीच्या कार्यक्रमात गेले. वय ५९. त्यांचा देह वीस दिवस कुजला नाही, या शवागाराच्या पत्राचा फार गाजावाजा होतो. त्याच पत्रात देहावर टिकवण्याची रासायनिक प्रक्रिया केल्याची नोंद आहे, तेवढं मात्र कोणी सांगत नाही. अडीचशे वर्षांचे म्हणून गाजलेले देवरहा बाबा १९९० मध्ये गेले.

या साऱ्या साखळीत न मेलेला एकच, तो म्हणजे जो कुणाला भेटत नाही.

कुणी म्हणेल, भाबड्या श्रद्धा आहेत, कशाला एवढं मनावर घेता? आम्ही समाजशास्त्र शिकलो ते याच प्रश्नासाठी. एखादी श्रद्धा खरी की खोटी, एवढं विचारून भागत नाही. ती कुणाच्या हातात काय देते, हे विचारावं लागतं. न मरणारा गुरू म्हणजे ज्याला जाब विचारता येत नाही असा गुरू. त्याचा वारस ठरत नाही, त्याचा हिशेब तपासला जात नाही, त्याचा शब्द जुना होत नाही. आणि तो स्वतः समोर येत नसल्यामुळे त्याच्या नावाने बोलणाऱ्याची सत्ता मोठी होते.

उदाहरण मुंबईचंच घ्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेबीने नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांविरुद्ध आदेश काढला. देशातल्या सर्वात मोठ्या शेअर बाजाराची गोपनीय माहिती त्या ईमेलवरून एका अज्ञात व्यक्तीला पाठवत होत्या. कोण ती व्यक्ती? तर हिमालयात राहणारा, देह नसलेला, हवं तेव्हा प्रकट होणारा सिद्ध योगी. ईमेलच्या पत्त्यात ऋक्, यजुस् आणि साम या तीन वेदांची नावं. हा निराकार योगी बढत्या आणि पगारांचे सल्ले देत होता, केसांच्या रचनेचं कौतुक करत होता आणि सेशेल्सच्या सहलीची तयारी ठेवायला सांगत होता! शिकलेली, परदेश फिरलेली, करोडोंचा पगार घेणारी माणसं हे करतात, तेव्हा तिला श्रद्धा म्हणतात. आमच्या मावशीने गोळ्या बंद केल्या तर तिला अडाणी म्हणतात. दोघींना फसवणारी गोष्ट एकच आहे. फरक इतकाच, की एकीच्या वाट्याला वकील आले आणि दुसरीची बोटं गेली.

आता आमचा मुख्य मुद्दा. देह अमर करण्याचं स्वप्न कुणाला पडतं? ज्याच्या देहाची बाकी सगळी व्यवस्था लागलेली आहे त्याला. गुहेत बसलेल्या योग्याला कुणीतरी दूध आणून देतं. ते दूध काढणारा, लाकूड फोडणारा, वाट झाडणारा कुणीतरी आहे. त्याच्या देहाच्या अमरत्वाची कथा कुणी लिहिली का?

चांगदेवाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन तो ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला. इकडे भावंडं भिंतीवर बसली होती. भिंत चालली आणि चांगदेवाचा अहंकार गळाला. चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला, असा टोला छोट्या मुक्ताबाईने मारल्याचंही सांगतात. आळंदीला ती भिंत आजही दाखवतात. जातीबाहेर टाकलेल्या आईबापांची ही लेकरं, त्यांच्याबद्दल आमच्या मनात राग नाही. मुक्ताबाईचा टोला तर आम्हाला आपला वाटतो.

पण मराठी मुलुखात त्याच काळातली दुसरी एक भिंत आहे. ती मंगळवेढ्याची. गावकुसाच्या बांधकामावर महारांना राबायला लावलं होतं. त्यात चोखामेळा होता. १३३८ मध्ये ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसोबत तिच्याखाली गाडला गेला. ज्या गावाच्या आत राहायला जागा नाही त्या गावाचं कुंपण बांधताना तो मेला. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं म्हणून नामदेवांनी ती ओळखली, असं सांगतात. म्हणजे इथेही चमत्कार आला, पण जीव गेल्यावर. समाधी मिळाली तीही पंढरपूरच्या महाद्वारात, पायरीजवळ. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला, तो उगाच नाही.

एका भिंतीने चालून दाखवलं, तिचं दर्शन घ्यायला रांगा लागतात. दुसरी खरोखर कोसळली, तिचा चौकशी अहवाल सातशे वर्षांत कुणी मागितला नाही.

आणि ती अजून कोसळते आहे. श्वास रोखण्याची विद्या म्हणतात ना? गटारात उतरणारा सफाई कामगार श्वास रोखूनच उतरतो. खाली विषारी वायू असतो, एक श्वास घेतला की संपलं. हे काम माणसाकडून करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसं मरायची थांबलेली नाहीत. दर २१ जूनला मैदानावर कुंभकाचे फायदे सांगणाऱ्या किती जणांनी या कुंभकाचं नाव घेतलं?

'यूएन विमेन'च्या २०१८ च्या अहवालात नोंद आहे, की भारतातली दलित स्त्री उच्चजातीय स्त्रीपेक्षा सरासरी १४.६ वर्षं आधी मरते. चांगदेवाची चौदाशे वर्षं राहू द्या. आमच्या आयांची ही साडेचौदा वर्षं कुठे गेली, ते सांगा. कोणत्या नाडीत अडकली? ती अडकली पाण्याच्या रांगेत, रेशनच्या दुकानात, बाळंतपणात हात न लावणाऱ्या दवाखान्यात. ती परत आणायला कुंडलिनी जागी करून चालत नाही, ग्रामसभा जागी करावी लागते.

इथे आमचे काही मित्र हरकत घेतात, आणि ती हरकत वजनदार आहे. ते म्हणतात, नाथपंथ तर जातीविरुद्ध होता. चौऱ्याऐंशी सिद्धांत चांभार होते, विणकर होते, डोंब होते. नाथांना ब्राह्मणी खात्यात का ढकलता? आम्ही ढकलत नाही. शूद्रातिशूद्रांनी आपल्या देहालाच तीर्थ म्हणणं, देवळाची, पुरोहिताची गरज नाकारणं, हे बंड होतं. ज्या देहाला अपवित्र ठरवलं त्याच देहात अमृत आहे, असं म्हणायला हिंमत लागते. आजही कानिफनाथाच्या मढीला भटक्या-विमुक्तांची गर्दी होते, ती त्याच जुन्या नात्याने.

पण बंडाचं पुढे काय झालं ते पाहा. त्याची कथा उरली आणि धार गेली. नाथांची पोथी पारायणाला आली आणि नाथांची लेकरं भिक्षेला लागली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. काळाला जिंकणाऱ्या नाथांचं नाव सांगत पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागणारे हे लोक. पोट भरायला गाव सोडून इतक्या लांब आलेले. त्यांतले बहुतेक कुठले होते? सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. जिथे चोखोबावर भिंत कोसळली, तिथले. कुठल्याही गुहेतला अमर योगी त्यांच्यासाठी खाली उतरला नाही. त्यांच्याकडे नाथांचा वारसा होता, पण राहायला घर, हाताला काम आणि ओळख पटवायला गाव नव्हतं. बंडाने देहाला सिद्धी देऊ केली, हक्क मिळवून दिला नाही, हे त्या वाटेचं अपुरेपण आहे.

तमिळनाडूतल्या रामलिंग स्वामींचं उदाहरण यासाठीच आम्हाला महत्त्वाचं वाटतं. लोक त्यांना वल्ललार म्हणतात. त्यांनी जातिभेद नाकारला. १८६७ मध्ये वडलूरला भुकेल्यांसाठी अन्नछत्र उघडलं. १८७४ मध्ये त्यांनी एका खोलीत शिरून दार लावून घेतलं. त्यांचा देह प्रकाशात विरला, असं भक्त मानतात. आम्ही ते मानत नाही. पण त्या अन्नछत्राची चूल तेव्हापासून विझू दिलेली नाही. त्या माणसातलं काय उरलं, हे ज्याला पाहायचं आहे त्याने बंद खोलीकडे कशाला बघावं? चुलीकडे बघावं.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. बुद्ध ऐंशीव्या वर्षी गेला. हो, गेला. चुंद नावाच्या लोहारकाम करणाऱ्याच्या घरी जेवून आजारी पडला आणि कुशीनाऱ्याला गेला. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही, उलट ही आमची अभिमानाची गोष्ट आहे. तो लोहाराच्या घरी जेवला. आणि जाताना त्याने आनंदाला बजावलं, की चुंदाला कुणी दोष देऊ नये. मरणाच्या दारात ज्याला यजमान लोहाराच्या अब्रूची काळजी वाटते, त्याच्यापुढे तुमचे हजार वर्षांचे योगी कुठे उभे करता?

आणि ही विद्या त्याला माहीत नव्हती असंही नाही. तो आलार कालामाकडे शिकला, उद्दक रामपुत्ताकडे शिकला. श्वास कोंडण्याची साधना त्याने स्वतः केली, डोकं फुटायची वेळ येईपर्यंत. सहा वर्षं देह झिजवला. मग ते सोडून सुजाताने दिलेलं अन्न खाल्लं, तेव्हा पाच सोबती त्याला भ्रष्ट म्हणून सोडून गेले. पुढे राजगृहात पिंडोल भारद्वाजाने सिद्धीच्या बळावर हवेत जाऊन उंचावर टांगलेलं चंदनाचं पात्र काढलं, अशी विनयपिटकात कथा आहे. बुद्धाने शाबासकी दिली नाही. खरडपट्टी काढली, पात्र फोडायला लावलं आणि लोकांपुढे सिद्धी दाखवायला भिक्खूंना बंदी केली. म्हातारपणी आपला देह जुन्या गाडीसारखा दोऱ्या बांधून चालला आहे, हेही त्याने लपवलं नाही. आणि आपल्या मागे कोणी गुरू नेमला नाही, धम्मच पुरे म्हणाला. म्हणून तर अडीच हजार वर्षांनंतर आपण त्याच्याशी वाद घालू शकतो.

बाबासाहेबांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर मरण पाहिलंच नव्हतं, हे कसं पटावं? 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेला तंटा पुढे आणला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यापायी घर सोडलं. मित्रांनो, या बदलाचा अर्थ नीट लक्षात घ्या. धम्माची सुरुवात मरणाच्या भीतीतून झाली नाही, पाण्याच्या वाटपातून झाली. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला ओंजळ भरणाऱ्या माणसालाच हे दिसू शकलं. आपला धम्म 'मी मरू नये' म्हणून नाही. माणसांनी माणसाला मारू नये, तहानलेलं ठेवू नये, म्हणून आहे.

मरणाचं दुःख बाबासाहेबांना ठाऊक नव्हतं का? चार लेकरं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. रमाई १९३५ मध्ये गेल्या. स्वतःचं शरीर मधुमेहाने पोखरलेलं. तरी ते अमृताच्या शोधात कुणा बाबाकडे गेले नाहीत. उरलेले दिवस ग्रंथ पुरा करण्यात घातले. ६ डिसेंबर १९५६ ला, वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते गेले आणि पुढच्या वर्षी ग्रंथ छापून आला.

शेवटी आपल्याच घरात डोकावू. आपणही घोषणा देतो, 'अमर रहे'. त्यात कृतज्ञता आहे तोवर ठीक. पण पुतळ्याला हार घातला आणि ग्रंथ उघडला नाही, की आपणही बाबासाहेबांना न मरणारा, म्हणून प्रश्न न विचारता येणारा बाबा करून टाकतो. मग त्यांच्या नावाने बोलणाऱ्या कोणाही पुढाऱ्याला जाब विचारता येत नाही. हिमालयातल्या योग्याचा धंदा आपल्या चौकात सुरू व्हायला एवढंच पुरतं.

म्हणून कामाचं बोलू. कॉलेजात, सोसायटीत, वस्तीत असं शिबिर आलं तर जा, आसनं शिका, आणि देह अमर होतो असं कोणी म्हणालं की उभं राहून तीन गोष्टी विचारा. तो योगी कुठे आहे? त्याचा जेवणखर्च कोण करतं? आणि तुमचं ऐकून कुणी औषध सोडलं आणि काही झालं, तर जबाबदार कोण? आपल्या विहारांतून महिन्यातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासायची सोय करा. मशीन फार महाग नाही. आम्ही आमच्याकडे सुरू केलं आहे.

पहिल्या तपासणीला तो बारावीचा पोरगा वहीत नावं लिहायला बसला होता. मावशीचं नाव त्याने सर्वात आधी लिहिलं. ती लंगडत आली, बोट पुढे केलं आणि आकडा ऐकून म्हणाली, "वाढलेलीच दिसती. कमी कशी करायची ते सांग." साधना कमी पडली, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.